मदत हवी आहे: ग्लासगोतला आरसा घेऊ का? लवकर सांगा

रानजाई: जुन्या बाजारात आरसा पाहिलाय. चौकटीवर मोर आणि गाठींची नक्षी. दुकानदार म्हणतो, ग्लासगोची कलाकार मार्गारेट मॅकडॉनल्ड हिच्या हातचा. शनिवारपर्यंतच राखून ठेवणार आहे. घेऊ का?

काथ्याकूट: फोटो? धातू? आकार? बनवणाऱ्याची खूण आहे का कुठे? किंमत?

रानजाई: फोटो चढत नाहीये. पितळच, आणखी कशाचा असणार! मध्ये निळ्या मिन्याच्या टिकल्या आहेत. किंमत सांगत नाही, घरचे इथे वाचतात.

तांबटआळीकर: चिंच-मीठ लावून लख्ख घासा, खूण असली तर आपोआप दिसेल. आणि नक्षीच हवी तर पुण्यात या, आमचं तांब्यावर ठोके देऊन केलेलं मठारकाम बघा.

काथ्याकूट: चिंच अजिबात नको! जुना रंग जाईल, आंबट मिन्यालाही खातं. आणि हे मठारकाम नव्हे हो. मठारात ठोके वरूनच दिसतात. इथे पत्रा राळेवर ठेवून मागून ठोकत नक्षी उठवतात.

तांबटआळीकर: ठोका तो ठोकाच. आम्हाला शिकवू नका.

सांजवेळ: दुकानदाराचं मनावर घेऊ नकोस. मार्गारेट आणि फ्रान्सिस मॅकडॉनल्ड या बहिणींनी १८९६ मध्ये होप स्ट्रीटवर स्टुडिओ काढला खरा, पण त्यांचं नाव घेतलं की त्यांच्या नक्षीतल्या लांबोडक्या, हडकुळ्या बायका डोळ्यांपुढे येतात. गाठी आणि मिन्याच्या टिकल्या ऐकून मला दुसऱ्याच बहिणी आठवल्या, मार्गारेट आणि मेरी गिल्मोर. १८९३ पासून वेस्ट जॉर्ज स्ट्रीटवर त्यांचा स्टुडिओ होता. तिथे त्या शिकवायच्याही, त्यामुळे बिनखुणेचा आरसा एखाद्या शिष्येचाही असू शकतो. खालच्या कडेला एम-जी, म्हणजे मार्गारेट गिल्मोरची आद्याक्षरं, दिसतायत का?

मिशिगनकाठ: शिकागोला या! क्लारा बार्कने १९०० मध्ये इथे कॅलो शॉप काढलं, १९७० पर्यंत चाललं. हातघडणीची चांदी. माझ्याकडे त्यांचा एक चमचा आहे, द्यायचाय.

रानजाई: चमचा नकोय मला!! एम दिसतोय, पुढचं अक्षर जी की सी कळत नाही. घेऊ की नको, एवढंच सांगा.

सांजवेळ: मागे लाकडाची फळी असणार, पत्र्याची उलटी बाजू दिसायची नाही. म्हणून दोन्ही मोर ताडून बघ. हाताने ठोकलेले असतील तर पिसात, डोळ्यात थोडा फरक पडतोच. तंतोतंत सारखे निघाले तर साच्यात दाबलेला पत्रा समज आणि सोडून दे. फरक दिसला तर घे, पण मॅकडॉनल्डच्या नावाचे पैसे देऊ नकोस.

तांबटआळीकर: निदान लिंबू तरी लावा.