भुईआवळा: ओळख, चूर्ण आणि कावीळ

डहाळी: पावसाळ्यात कुंपणाकडेला वीतभर उंचीची, आवळ्यासारख्या पानांची रोपं उगवली आहेत. भुईआवळाच आहे हे कसं ओळखायचं? चूर्ण घरी करता येतं का, किती घ्यायचं? कावीळ झाली तर तेवढ्यावर भागतं का?

पानाआड: आधी खोड मोडून बघा. पांढरा चीक आला तर ते दुधी नावाचं तण (भोपळा नव्हे) किंवा त्याची भावंडं, टाकून द्या. भुईआवळ्याला चीक नसतो. मग डहाळी उलटी करा. पानांखाली मोहरीपेक्षा जराशी मोठी, गुळगुळीत हिरवी फळं बारीक देठांवर ओळीने लटकलेली दिसली आणि खोडही हिरवं असलं, तर तो फायलँथस अमारस, म्हणजे भुईआवळा. खोड लालसर, फळं खरखरीत आणि जवळजवळ बिनदेठाची असतील तर ती फायलँथस युरिनारिया, त्याच कुळातली दुसरी जात. बाजारच्या चूर्णात दोन्ही मिसळलेली सापडतात, म्हणून अख्खं रोप ओळखूनच घ्यावं.

खलबत्ता: फळं धरली की मुळासकट उपटा, माती धुवा, पातळ पसरून सावलीत वाळवा. काडी वाकली तर अजून ओल आहे. कट्कन मोडली की झालं. इथे घाई नको. ओलसर माल डब्यात भरला की बुरशी धरते, आणि बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृतालाच मारक असतं. वास कुबट आला तर सगळं फेका, ऊन देऊन वाचवू नका.

फायलँथिन, म्हणजे भुईआवळ्यातला एक प्रमुख घटक, मुख्यतः पानांत असतं, खोडात नगण्य. काड्याच जास्त असलेलं चूर्ण दिसायला भरपूर, गुणाला हलकं. आयुर्वेदात चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम, ताज्या रसाची १० ते २० मिली.

डहाळी: काढा केला तर?

खलबत्ता: फायलँथिन पाण्यात फारसं उतरत नाही. त्यासाठी चूर्णच बरं.

निदान: काविळीचं मात्र वेगळं. कावीळ हे लक्षण आहे, कारण शोधावं लागतं. हिपॅटायटिस ए बहुतेकांचा काही आठवड्यांत आपोआप उतरतो आणि श्रेय पाल्याला मिळतं. पित्तनलिकेत खडा अडकला असेल तर कुठलीही वनस्पती तो काढणार नाही. शौच पांढुरकी, अंगाला खाज, लघवी गडद असेल तर सोनोग्राफी करा. गुंगी, असंबद्ध बोलणं, हिरड्यांतून रक्त दिसलं तर त्याच क्षणी रुग्णालय.

हिपॅटायटिस बी बद्दल १९८८ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मद्रासचा अभ्यास आला होता. २०० मिग्रॅ चूर्ण दिवसातून ३ वेळा, ३० दिवस. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातलं पृष्ठ-प्रतिजन (विषाणू अंगात असल्याची खूण) गेलं, औषध नसलेली नुसती कॅप्सूल घेणाऱ्या २३ पैकी एकाचंच. मोठी आशा वाटली होती. पण नंतर इतरत्र झालेल्या चाचण्यांत तसं दिसलं नाही. म्हणून विषाणूविरोधी गोळ्या बंद करून हे सुरू करू नका.

गरोदरपणी टाळा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर जास्त उतरू शकते, डॉक्टरांना आधी सांगा.