जीवामृतावर वाइनच्या शिराझ द्राक्षाची बाग डाऊनी या बुरशीच्या रोगातून निघेल का?

शिराझ_अडीच_एकर:
दिंडोरीकडे आमची अडीच एकर शिराझ आहे, डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेली. नाना (वडील) आणि मीच बघतो, छाटणीला तेवढी माणसं लावतो. नानांनी दोन वर्षांपासून जीवामृत धरलंय. २०० लिटरचा ड्रम, १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, सगळं वेळेवर. जमीन भुसभुशीत झाली, गांडुळं दिसायला लागली, खोटं कशाला बोलू! पण गेल्या हंगामात गोडी छाटणी (घडांसाठीची) २ ऑक्टोबरला घेतली, मागून परतीचा पाऊस आला, आणि फुलोऱ्याच्या आतच निम्मे घड डाऊनीनं गेले. नाना म्हणतात, एकदा औषध मारलं की नैसर्गिक कसली? काय सांगू त्यांना?

मोरचूद_चुना:
जीवामृत मातीचं काम करतं, भाऊ. पानावरच्या डाऊनीशी त्याचं वैर नाही.

नानांना सांगा, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) हे नावच फ्रान्समधल्या वाइनच्या मुलखाचं. १८८५ पासून तिकडं डाऊनीवर हेच मारतात, आणि सेंद्रियलाही चालतं. पोंग्यापासून (डोळा फुटून कोंब निघतो तेव्हापासून) अर्धा टक्काच घ्या. मी एकदा घाईत एक टक्का मारला, कोवळी पानं भाजून निघाली. मिश्रणात स्वच्छ घासलेला विळा बुडवा. तांबूस झाला तर चुना कमी पडलाय.

पण तांबं मातीतून जात नाही. युरोपात सरासरी हेक्टरी वर्षाला ४ किलोची मर्यादा आहे, म्हणजे एकरी १.६. एकरी ३०० लिटर अर्धा टक्का म्हणजे दीड किलो मोरचूद, त्यात तांबं ३७५ ग्रॅम. चार फवारण्यांत कोटा संपला! म्हणून आधी छाटणी पुढं ढकला, बगलफुटी (पानांच्या बगलेतली जादा फूट) काढा, वेलीत वारा खेळू द्या. मी पाऊस गेल्याशिवाय कात्री उचलत नाही.

निफाडचा_थॉमसनवाला:
उशिरा छाटली की थंडीत डोळे एकसारखे फुटत नाहीत. डोळे एकदम फुटावेत म्हणून सायनामाइड या रसायनाचं पेस्टिंग करता का, म्हणजे डोळ्यांना लावता का? ते सेंद्रियात बसत नाही हो.

मोरचूद_चुना:
नाही करत. फूट मागंपुढं होते, तोडणी दोनदा करावी लागते, मजुरी दुप्पट. तुमच्या खायच्या थॉमसन द्राक्षाला हे परवडणार नाही. शेवटचे घड मार्चच्या उन्हात सापडले की साखर चढते अन् आंबटपणा उतरतो. तिथं नुसत्या ब्रिक्सवर (साखरेच्या मापावर) जाऊ नका, पीएच बघा; आंबटपणा उतरला की तो चढतो. रानटी यीस्टवर, सल्फाइट (वाइन टिकवणारं रसायन) न घालता वाइन करायची असेल तर ३.७ च्या वर गेलेला माल मी तरी त्यात घालणार नाही, बॅक्टेरिया सोडत नाहीत.

शिराझ_अडीच_एकर:
नानांना सगळं वाचून दाखवलं. विळ्याचं ऐकून हसले, त्यांचे वडील तसंच करायचे म्हणे. सायनामाइडला त्यांचा अजून ठाम नकारच आहे. बोर्डोबद्दल एवढंच म्हणाले, "चुना कळीचाच आण, पुडीतला नको."