सीलबंद गेम विकायचाय, 'नवीन' लिहू की 'वापरलेला'?

फोंड्याचा_गोलकीपर: मंडळी मदत हवी आहे. मावसभाऊ दुबईला असतो, चवथीला आला तेव्हा माझ्यासाठी पीएस५ चा (प्लेस्टेशन 5) एफसी 25 हा फुटबॉलचा गेम घेऊन आला, डिस्कवाला. आता माझा पीएस५ डिजिटल एडिशन, त्याला डिस्क घालायला जागाच नाही, पण त्या बिचाऱ्याला काय सांगणार, थँक्यू म्हणून ठेवून दिला. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. तर आता विकायला टाकतोय आणि जाहिरातीत कंडिशन विचारतात, दोनच पर्याय, नवीन किंवा वापरलेला. मी नवीन टाकलं तर मडगावचा एकजण म्हणतो एकदा दुकानातून बाहेर पडला की सेकंडहँड, भाव निम्मा कर. हे बरोबर आहे का?

पात्राव_म्हापसा: सील आहे तर नवीनच मरे. ईबेवर पण 'ब्रँड न्यू' म्हणजे न वापरलेला न उघडलेला माल, आधी कोणी विकत घेतला होता का ते कोण बघतो. तो मडगावकार भाव पाडतोय, दुसरं काही नाही.

डिस्कवाला: मी थोडा वेगळा विचार करतो. नवीन म्हटलं की घेणारा दुकानाचं बिल, बदलून मिळण्याची सोय, सगळं धरूनच चालतो आणि ते तू देऊ शकत नाहीस. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जुना किंवा सेकंडहँड माल नवा म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, अर्थात ते धंदा करणाऱ्यांसाठी, घरातला एक गेम विकणाऱ्यामागे कोणी लागणार नाही. पर्याय 'नवीन' ठेव पण खाली सरळ लिही, भेट मिळालेला, सील न फोडलेला, बिल नाही, दुबईची कॉपी. हे शेवटचं महत्त्वाचं आहे बरं का, डिस्क आपल्याकडे चालते पण गेमच्या आत वरून विकत घ्यायचं जे असतं ते डिस्क ज्या भागातली त्या भागाच्या अकाउंटलाच लागतं, आणि फुटबॉलच्या गेममध्ये पोरं त्यावरच पैसे घालतात. हे लपवलंस तर नवीन-जुना राहिलं बाजूला, भांडण ह्यावर होणार.

पात्राव_म्हापसा: हे मात्र खरं.

रात्रपाळी: सील सील काय करताय, श्रिंक रॅप (तापवलं की आवळणारं प्लास्टिक) आणि हीट गन असली की कोणीही घरी सील मारतो. कंपनीच्या सीलची बाजूची घडी लिफाफ्यासारखी नीट असते, घरच्याला बहुतेक वेळा जोड वेडावाकडा दिसतो. चारी बाजूंचे क्लोजअप फोटो टाक. आणि किमतीचं म्हणशील तर एफसी 26 आलाय, 25 सीलबंद असो नाहीतर देवघरात ठेवलेला असो, पूर्ण किमतीला कोण घेणार? मडगावचा माणूस कारण चुकीचं सांगतोय, भाव तितकासा चुकीचा नाही. बाय द वे तुझा पीएस५ स्लिम आहे का? त्याच्या डिजिटलला डिस्क ड्राइव्ह वेगळा घेऊन लावता येतो.

फोंड्याचा_गोलकीपर: नाही हो, 2020 चा जुना जाडा आहे, त्याला नाही लागत. ठीक, डिस्कवाल्यांनी सांगितलं तसं लिहितो, फोटो पण टाकतो. निम्म्याला नाही देणार, थोडा कमी करीन. रविवारी मडगावला कदंबा स्टँडवर भेटायचं म्हणतोय तो, सील तिथेच फोडून बघू म्हणाला. फोडू द्यायचं का पैसे घ्यायच्या आधी?

रात्रपाळी: आधी जीपे, मग फोड म्हणावं. फोडून नको म्हणाला तर तुझ्याकडे खरोखरच वापरलेला राहील.