घरी बी रुजवून रोप लावणं : सातारा-सांगलीकरांचे अनुभव

जूनच्या लावणीची तयारी सुरू झालीय, म्हणून हा धागा. रोपवाटिकेतून तयार रोप आणणाऱ्यांनी नुसतं वाचलं तरी चालेल. ज्यांनी बी भिजवण्यापासून रोप जमिनीला लागेपर्यंत सगळं घरी केलंय, त्यांनी लिहा. माती कुठली, पाणी किती, रोप मेलं तर कशानं मेलं, हे आलं पाहिजे. ‘मस्त आली’ एवढ्यावर कुणाचं भागत नाही. सुरुवात मीच करते.

मिरज, गच्ची
टोमॅटोचं बी गरासकट दोन दिवस आंबवते, मग धुऊन सावलीत वाळवते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटीत ओल दिसावी, पण पाणी टपकू नये, इतपतच भिजवायचं. आठवड्याभरात उगवण होते. खरी परीक्षा त्यानंतर. कोंब दिसला की ट्रे त्याच दिवशी उजेडात हवा, नाहीतर रोपं पांढरट, लुकडी होऊन उंच पळतात. टोमॅटो असेल तर त्यावरही उपाय आहे: लावताना खालची पानं खुडून देठ खोल पुरायचा, मातीतल्या देठाला मुळ्या फुटतात. वांग्या-मिरचीला हा लाड करू नका.

तासगाव तालुका
आमच्याकडं मिरचीचं तरू (लावणीसाठीची रोपं) अजून गादीवाफ्यावरच टाकतो. वाफा उंच का, तर पाणी थांबू नये. पाणी थांबलं की रोपाचा देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक होतो आणि रोप आडवं पडतं. वर पानं हिरवीगार, त्यामुळं माणसाला वाटतं तहान लागलीय, आणि तो आणखी पाणी घालतो! ही बुरशी आहे. शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मुरवून वाफ्यात मिसळायचा, बी दाट टाकायचं नाही आणि वाफसा (जास्तीचं पाणी निथळून माती नुसती ओलसर राहणं) आल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. मिरचीचं तरू 35-40 दिवसांत काढणीला येतं. काढायच्या आधी आठवडाभर पाणी तोडत आणायचं, रोप काटक होतं. आदल्या संध्याकाळी मात्र भिजवायचं, म्हणजे मुळी मातीसकट निघते. लावणी उन्हं कलल्यावर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी, म्हणजे लावणीनंतरचं हलकं पाणी. दुसऱ्या दिवशी दुपारी रोपानं मान टाकली तरी घाबरून पाणी सोडत बसू नका, सकाळी बघा.

सातारा, गोडोली
पपई. ताज्या बीवर बुळबुळीत आवरण असतं, ते उगवण अडवतं. राखेत चोळून बी धुवायचं, सावलीत वाळवायचं. तरी दोन-तीन आठवडे धीर धरावा लागतो. मुळी दुखावलेली पपईला अजिबात खपत नाही, म्हणून पिशवीतच वाढवून पिशवी फाडून गड्डा जसाच्या तसा ठेवायचा. गावठी पपई असेल तर एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावा. फुलं आली की नर ओळखून काढता येतात.

माण
कारल्याचं कवच टणक. सासूबाई बी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधतात आणि पुरचुंडी शेणखताच्या ढिगात खोचतात, तिथली ऊब लागते. मोड आला की थेट आळ्यात. वेलवर्गीयांची रोपं करून उपटून लावणं मला पटतच नाही.

वाई
माणच्या ताईंना : चहाचा कागदी कप घ्या, तळाला भोकं पाडा, कप कापून गड्डा तसाच आळ्यात ठेवा. दोडका, काकडी, दोन्हीला चालतं. दोन-चार खरी पानं आली की लावायचं, मुळ्या कपात गुंडाळल्या की वेल खुंटतो.

कऱ्हाड
नदीकाठची मळई (गाळाची माती) नुसती ट्रेमध्ये भरू नका. पहिल्या पाण्यातच ती बसते, वर पापुद्रा धरतो आणि कोंब खालीच गुदमरतो. चांगलं कुजलेलं शेणखत निम्म्याला निम्मं मिसळून चाळून घ्या. साखर कारखान्याची प्रेसमडही (उसाचा रस गाळून उरलेली मळी) चालेल, पण जुनी, हाताला गार लागणारी. ताजी गरम असते, मुळ्या भाजतात. आणि कृष्णाकाठच्या वांग्याचं घरचं बी कुणी राखलं असेल, तर फळ झाडावर किती पिवळं होऊ देता तेवढं लिहा.