पुरात भिजलेल्या क्यूचा बट: पॉलिश आणि चीर

शुक्रवारपेठकर
मंडळी, वडिलांचा दोन तुकड्यांचा पूल क्यू आहे, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या पूल खेळाची काठी. पुढचा बारीक तुकडा, शाफ्ट, मेपलचा; मागच्या जाड तुकड्यात, बटमध्ये, मेपलात बसवलेले शिसवीचे चार पॉइंट, म्हणजे टोकदार नक्षी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा शाफ्ट माळ्यावर होता म्हणून वाचला. बट खाली कपाटात उभा होता, तो पाण्यातच राहिला. पाणी ओसरल्यावर पुसून फडक्यात गुंडाळला आणि परत उघडायचा धीर झाला नाही. परवा वडिलांनी स्वतःच विचारलं, "बट कुठं ठेवलायस रे?"

पॉलिश पांढरट झालंय, नख लावलं की पापुद्रे निघतात. मुठीवरचा लिननचा दोरा काळा पडून सैल झालाय. रबरी टोपीपासून वर दोन इंच सरळ चीर आहे. टेबलाच्या काचेवर लोळवून बघितला, डगमगत नाही. एका फर्निचरवाल्यानं "मशीननं घासून पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारतो, संध्याकाळी न्या" म्हणून सांगितलं. मी तसाच परत घेऊन आलो. पॉइंटची टोकं एकदा घासून बोथट झाली तर परत कोण आणून देणार? घरी हातानं करायचं तर सुरुवात कुठून करू?

पॉलिशवाले काका
परत आणलास ते बरं केलंस बाळा.

आधी जुनं पॉलिश कशाचं आहे ते ओळख. खाली टोपीजवळ कापसानं स्पिरिट लाव. चिकट झालं तर चपडी, म्हणजे लाखेचं पॉलिश. स्पिरिटला दाद दिली नाही आणि थिनरनं विरघळलं तर लॅकर. दोन्हीला हललं नाही तर पीयू समज, मग ते कागदानंच काढावं लागेल.

आता नीट वाच. शिसवीचा रंग स्पिरिटात आणि थिनरमध्ये सुटतो. ओलं फडकं शिसवीवरून मेपलवर फिरवलंस तर पांढऱ्या लाकडावर जांभळट डाग ओढला जातो, आणि तो रेषारेषांत मुरतो. माझ्या हातून एका पाटावर हे झालंय, तो डाग शेवटपर्यंत गेला नाही. म्हणून फडकं जेमतेम ओलं, नेहमी मेपलकडून शिसवीकडे, आणि प्रत्येक पुसण्याला कापडाची नवी बाजू. काचपेपर १८० च्या खाली जाऊ नकोस, २२० नं सुरू केलास तर उत्तमच. लाकडाच्या रेषेत घास, आडवा नाही. जॉइंटजवळ मास्किंग टेप गुंडाळ. तिथं केसभर जरी लाकूड गेलं तरी शाफ्ट लावल्यावर बोटाला पायरी लागते. तोंडाला फडकं बांध, शिसवीचा भुगा बाधतो.

नवीन पॉलिश मी चपडीचंच करीन. १०० ग्रॅम चपडी अर्धा लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजव, मलमलीतून गाळ, पातळ हात मार. पहिला हात एकाच दमात, मागं-पुढं घासायचं नाही, रंग तिथंच सुटतो. पीयू जास्त टिकतं हे खरं, पण पुढं ओरखडा पडला तर सगळंच उतरवावं लागतं. चपडीवर नुसता एक हात फिरवला की जुनं-नवं एक होतं. मात्र या पावसात करू नकोस. हवेतल्या ओलीनं चपडी परत पांढरी पडेल. दसऱ्यानंतर कोरडं ऊन पडू दे.

उद्यमनगर_लेथ
चिरेबद्दल सांगतो. टोपीचा स्क्रू काढून आत बघ, वजनाचा बोल्ट असतो. तो गंजून फुगला असेल तर चीर त्यानंच पडली असणार. तो बाहेर काढल्याशिवाय चिकटवलंस तर परत उकलेल. नंतर चीर थिनरनं पुसून वाळव, शिसवी तेलकट असते. अ‍ॅरल्डाइट गोंद हेअर ड्रायरनं जरा कोमट करून चिरेत उतरव, वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळ. गोल वस्तूला शिकंजा नीट बसत नाही, ट्यूब सगळीकडून सारखी दाबते. २४ तास सोडायची नाही.

लेथवर फिरवायचा असेल तर फक्त पॉलिशपुरता, कमी आरपीएमवर. टूल लावू देऊ नकोस.

शुक्रवारपेठकर
काका, स्पिरिट लावलं, चिकट झालं. म्हणजे चपडीच. दादा, बोल्ट खरंच गंजलाय. तेल सोडून ठेवलाय, अर्धा आटा फिरला.

मुठीला दोऱ्याऐवजी चप्पल लाईनमधून कातडं आणून लावलं तर?

पॉलिशवाले काका
चपलेचं कातडं जाड, खाचेच्या वर येईल आणि हाताला टोचेल. बकऱ्याचं पातळ माग, मिलिमीटरभर. आधी जुना दोरा सोडव आणि खाच किती खोल आहे ते मोज. आणि बोल्टला घातलेलं तेल चिरेत जाऊ देऊ नकोस, तिथं गोंद धरणार नाही.

शुक्रवारपेठकर
आज दोरा सोडवला. वडील शेजारी बसले होते. खाचेत पुराचा गाळ निघाला, वाळून राखाडी झालेला, दोऱ्याच्या एकेका वेढ्याचा ठसा त्यात तसाच. पाण्यानं धुऊ का?

पॉलिशवाले काका
पाणी नको. जुना दात घासायचा ब्रश घे, कोरडाच. वडिलांना करू दे.