प्रतिसाद: हॉट टबच्या आलेखात मध्येच ८५ अंश का?

हॉट टबचं पाणी ३८ अंशांवर असताना तापमानाच्या आलेखात मध्येच ८५ चा सुळका येतो, म्हणून सेन्सर बदलायचं वरच्या चर्चेत चाललंय. बदलू नका. वीज मिळताच डीएस१८बी२० च्या (हा तापमानाचा डिजिटल सेन्सर) मेमरीत ८५ हाच ठरलेला आकडा असतो. मोजणी पूर्ण व्हायच्या आत (१२ बिट अचूकतेच्या मोजणीला ७५० मिलिसेकंदांपर्यंत लागतात) वाचला, किंवा वीज क्षणभर तुटली, की तोच हाती येतो. म्हणजे संशय वायरिंगवर घ्या. डेटा आणि ३.३ व्होल्टमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर हवा. तार लांब असेल तर २.२ किलोओहमचा लावून बघा. दोन तारांवर भागवू नका, वीज, डेटा आणि ग्राउंड अशा तिन्ही जोडा. ईएसपीहोममध्ये (सेन्सर वाचणाऱ्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर) ८५ गाळता येतं, पण त्यानं फक्त आलेख सुंदर दिसेल.

खरी गोम जागेची. पाइपवर बांधलेला सेन्सर पंप बंद झाला की पाण्याचं नव्हे, पाइपचं तापमान सांगतो. पंप सुरू झाल्यावर दोनतीन मिनिटांनंतरचंच वाचन धरा. प्रोब (धातूच्या नळीतला सेन्सर) थेट पाण्यात सोडलात तर नळीत तार शिरते तिथून पाणी झिरपतं. थर्मोवेलमध्ये (पाण्यात बसणारी, टोक बंद असलेली धातूची नळी) थर्मल पेस्ट लावून बसवा. आणि हीटरचा मूळ हाय-लिमिट स्विच (तापमान फार वाढलं की हीटर बंद करणारा) कुठल्याही ऑटोमेशनसाठी बायपास करायचा नाही.