जुन्या डिरेक्टरींवरून सोलापूरची वाढ मोजता येईल का?

पेठकर: थॅकरच्या इंडियन डिरेक्टरीचे (पेढ्या, अधिकारी यांच्या नावा-पत्त्यांची दरवर्षी निघणारी इंग्रजी सूची) १८८५ नंतरचे खंड दर दहा वर्षांनी एक असे घेऊन सोलापूरच्या नोंदी मोजतोय. मध्येच आकडा दुप्पट होतो. ही शहराची वाढ धरायची का? शिवाय काही स्कॅनमध्ये शोध दिला तर गावच सापडत नाही.

दप्तरखाना: गाव 'शोलापूर' या स्पेलिंगखाली आहे, एसएचमध्ये बघा. ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, झिजलेल्या 'एच'चा 'बी' करून ठेवतं, त्यामुळे शोधपेटीच्या नादी न लागता मोफसलचा, म्हणजे मोठ्या शहरांबाहेरच्या गावांचा, विभाग काढून पानं उलटा.

आकड्याचं म्हणाल तर सोलापूरची लोकसंख्या १८९१ला ६१,९१५ आणि १९०१ला ७५,२८८, म्हणजे वाढ साधारण २२ टक्के. तेवढ्याच काळात नोंदी दुप्पट झाल्या असतील तर आधी डिरेक्टरीच फुगली का ते तपासा. त्याच दोन खंडांत धारवाड, नगर, बेळगावच्या नोंदी मोजा. सगळीकडे तीच उडी असेल तर माहिती गोळा करण्याची पद्धत बदललीय. एकट्या सोलापुरात असेल तरच पुढे जाण्यात अर्थ.

जुनी गिरणी: दहा वर्षांनी एकच खंड घेऊ नका, लागोपाठचे तीन घ्या. १९०५चा खंड फार तर १९०४ची स्थिती सांगतो आणि बंद पडलेली पेढी मागच्या वर्षीच्या मजकुरातून तशीच पुढे छापली जाते. किती शिळं आहे ते कळायला कलेक्टर आणि सिव्हिल सर्जनची नावं त्या वर्षीच्या सिव्हिल लिस्टशी (सरकारी अधिकाऱ्यांच्या नेमणुकांची यादी) ताडून बघा. बदली होऊन गेलेला साहेब अजून तिथेच बसलेला दिसला, तर त्या पानावरच्या व्यापाऱ्यांवरही भरवसा नको.

पेठकर: एकच पेढी कापूस, अडत आणि विमा अशा तीन धंद्यांखाली आली तर?

नकाशावाला: पेढी एकदाच मोजा, धंदे वेगळ्या रकान्यात. तक्त्यात वर्ष, पान, छापलेलं नाव जसंच्या तसं, तुम्ही ठरवलेलं प्रमाण नाव, धंदा आणि पत्ता एवढे रकाने पुरतात. छापलेलं नाव सुधारून लिहिलंत की मालक बदलला की नुसतं स्पेलिंग, हे नंतर सांगता येत नाही.

सोलापूरच्या बाबतीत खरी गोम वेगळीच आहे. या इंग्रजी डिरेक्टरींत अधिकारी, मिशनरी, गिरण्या आणि एजंट भेटतात. हातमागवाला पद्मशाली विणकर जवळजवळ नाहीच. म्हणजे ज्यांच्यामुळे पेठा भरल्या तेच गायब. त्यांच्यासाठी जनगणनेचे व्यवसायाचे तक्ते आणि नगरपालिकेची जुनी घरपट्टी रजिस्टरं लागतील. डिरेक्टरीतून काढायचंच तर गिरण्या, कापसाचे जिनिंग-प्रेसिंग (सरकी काढून गठ्ठे बांधण्याचे) कारखाने, बँका आणि विमा एजंट एवढेच काढा. पत्ता नुसता 'शोलापूर' असेल तर ती नोंद नकाशावर टाकू नका, अंदाजाने तर अजिबात नाही.